मॉडेलर ‘मेलेला’ का वाटतो, आणि ट्यूब ॲम्प घेऊन ते सुटेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरी हेडफोन लावून मॉडेलरवर (ॲम्प आणि स्पीकर यांची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) गिटार वाजवता, आणि त्यात समाधान होतं. मग सरावाच्या खोलीत मित्राच्या २० वॅटच्या ट्यूब ॲम्पवर (निर्वात नळ्यांवर चालणारा ॲम्प्लिफायर) तासभर वाजवलं आणि तेव्हापासून घरचा आवाज ‘मेलेला’ वाटतोय. हा फरक खरा की मनाचे खेळ? मॉडेलर विकून छोटा ट्यूब ॲम्प घ्यावा का? पुढे कार्यक्रमांत वाजवायचं ठरवलंय, तिथे काय न्यावं? आणि शेवटी, ट्यूबचा एक वॅट इतरांच्या चार-पाच वॅटांना भारी पडतो म्हणतात, ते खरं का?

फरक खरा आहे. फक्त त्याचं खापर तुम्ही ज्याच्यावर फोडताय, त्याचा वाटा लहान आहे. मॉडेलर आणि ट्यूब ॲम्प यांची तुलना तुम्ही अजून केलेलीच नाही. सरावाच्या खोलीत १२ इंची स्पीकर होता, भिंती होत्या, शंभर डेसिबलच्या आसपासचा आवाज होता आणि तुम्ही उभं राहून वाजवत होता. घरी कानाला चिकटलेले हेडफोन आहेत, आणि त्यातून येतं ते कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या, जाळीजवळ ठेवलेल्या मायक्रोफोनला ऐकू आलेलं. दोन्हींमध्ये पाच-सहा गोष्टी एकदम बदलल्या आहेत. ट्यूब ही त्यांतली एक.

मी ट्यूब ॲम्प दुरुस्त करतो आणि कार्यक्रमांना साउंडच्या टेबलामागेही उभा असतो, त्यामुळे दोन्ही पक्षांची माणसं माझ्याकडे येतात. ‘मॉडेलरमध्ये जीव नाही’ म्हणणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो तो हा की तो ऐकलास कशातून आणि किती जोरात. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आधी जोराचं गणित. गिटारच्या १२ इंची स्पीकरची संवेदनशीलता साधारण ९७ ते १०० डेसिबल असते. म्हणजे एक वॅट दिला की मीटरभर अंतरावर तेवढा आवाज. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०. त्या हिशेबाने तुमच्या मित्राचा ॲम्प पूर्ण ताकदीला मीटरभरावर ११० डेसिबलच्या घरात जातो. नॉब निम्म्यावरच होता असं तुम्ही म्हणाल, पण नॉब ५ वर म्हणजे निम्मी ताकद नव्हे. बऱ्याच ॲम्पमध्ये ४-५ वर पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूब) जवळजवळ पूर्ण ताकदीला आलेल्या असतात. पुढे नॉब फिरवला की डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचं फाटणं, वाढतं, आवाज फारसा नाही.

एवढ्या जोरात कानच वेगळा ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये समान जोराच्या रेषा मांडल्या, त्या साउंडचं काम शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात: आवाज हळू असला की कानाला खर्जाचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात, आवाज वाढला की ते पुढे येतात. म्हणजे काहीही न बदलता तोच टोन जोरात लावला तरी तो भरीव लागतो. त्यात खर्ज पोटाला जाणवतो तो वेगळाच.

आणि याहून महत्त्वाचं म्हणजे तारा. स्पीकरमधून निघालेली हवा गिटारच्या लाकडाला आणि तारांना परत हलवते. त्यामुळे धरलेला स्वर लांबतो, आणि योग्य जागी उभं राहिलात तर तो फीडबॅक होऊन फुलतो. तुम्हाला ‘जिवंत’ वाटलं त्यातला मोठा भाग हा. तिथे गिटार, ॲम्प आणि खोली मिळून एक फेरा पूर्ण होत होता. हेडफोनमध्ये हा फेरा तुटलेला असतो. तिथे जगातला सर्वांत उत्तम ट्यूब ॲम्प लावला तरी तो तुटलेलाच राहील.

आता मायक्रोफोनचं. गिटारचा स्पीकर हा गाणी ऐकायचा स्पीकर नाही. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर तो झपाट्याने उतरतो, आणि जे वरचे स्वर त्यातून येतात तेही सरळ समोर, अरुंद पट्ट्यात. तुमचे कान असतात स्पीकरच्या बरेच वर, एका बाजूला. म्हणून उभं राहून ऐकताना आवाज गोलसर वाटतो. मायक्रोफोन मात्र शंकूच्या मध्याजवळ, काही सेंटिमीटरवर असतो. तो जे ऐकतो ते तुम्ही खोलीत कधीच ऐकत नाही. गुडघे टेकून स्पीकरसमोर कान नेऊन पाहा (हळू आवाजात!), मग ‘मॉडेलर किरकिरा आहे’ या तक्रारीचा अर्धा उलगडा होईल.

मॉडेलरमधला कॅबिनेटचा भाग बहुतेक वेळा इम्पल्स रिस्पॉन्स असतो, सगळे आयआर म्हणतात तो. एक छोटा संकेत स्पीकरमधून सोडून मायक्रोफोनपाशी काय पोचलं याची नोंद. ४८ किलोहर्ट्झला २०४८ सॅम्पलचा आयआर म्हणजे जेमतेम ४३ मिलिसेकंद. त्यात स्पीकर, लाकडाची पेटी, मायक्रोफोन आणि त्याची नेमकी जागा एवढं येतं. खोली जवळजवळ नसते. शिवाय आयआर एकरेषीय असतो. हळू वाजवा की जोरात, तो तसाच वागतो. खरा स्पीकर जोर पडला की स्वतःही थोडा दबतो, थोडा फाटतो. हा फरक खरा आहे आणि तो आयआरने भरून निघत नाही. काही मॉडेलरमध्ये यासाठी वेगळी सोय असते, तिचा उपयोग होतो, पण ती नक्कलच.

पण हे माझ्या शब्दावर घेऊ नका. मित्राचा ॲम्प पुन्हा मिळाला तर दोन चाचण्या करा.

पहिली. त्याच्या ॲम्पला मागे इफेक्ट्स लूपचा रिटर्न (बाहेरून आलेला संकेत थेट पॉवर ॲम्पला देणारा जॅक) असेल, तर मॉडेलर तिथे जोडा. मॉडेलरमध्ये कॅब (कॅबिनेटची नक्कल) बंद करा आणि शक्यतो फक्त प्रीॲम्पचं (टोन घडवणारा पहिला भाग) मॉडेल निवडा, कारण पुढे खरा पॉवर ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा भाग) आहेच. आता मॉडेलर त्याच पॉवर ट्यूबमधून, त्याच स्पीकरमधून, त्याच खोलीत वाजतोय. आवाजाची पातळी फोनवरच्या डेसिबल मीटरने का होईना, पण जुळवून घ्या, कारण डेसिबलभर जास्त जोराचा आवाज प्रत्येकाला ‘चांगला’ वाटतो. मग एकाने पाठ करून वाजवावं आणि दुसऱ्याने बदलावं. लूप नसेल तर हट्ट करू नका, दुसऱ्या चाचणीवर जा.

दुसरी चाचणी मला जास्त आवडते, कारण ती उलटी आहे. मित्राच्या ॲम्पसमोर मायक्रोफोन लावा, तुम्ही दार बंद करून शेजारच्या खोलीत बसा आणि तो मायक्रोफोन हेडफोनमध्ये ऐकत वाजवा. ट्यूब ॲम्प तोच, सेटिंग तेच. बहुतेकांचा चेहरा इथे पडतो, कारण तो ‘जिवंत’ ॲम्पही हेडफोनमध्ये मॉडेलरसारखाच लागतो. मग मायक्रोफोन दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरकवा. त्या सरकवण्याने जेवढा टोन बदलतो, तेवढा कित्येकदा मॉडेलरमध्ये ॲम्प बदलूनही बदलत नाही.

एक सावधगिरी. ट्यूब ॲम्पची स्पीकरची तार काढून ती मॉडेलरमध्ये किंवा साउंड कार्डात घालू नका. समोरचं यंत्र जळेल, आणि लोड नसलेल्या ट्यूब ॲम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतका विद्युतदाब (व्होल्टेज) उसळू शकतो की तोही जाईल. स्पीकर किंवा योग्य लोड बॉक्स, दोन्हींपैकी एक नेहमी जोडलेलं हवं.

बरं, जोर, स्पीकर आणि खोली सारखी केली. मग उरतं काय?

उरतं, पण काय उरेल ते मॉडेलर कोणता यावर अवलंबून आहे. रोलँडचा व्हीजी-८ आला १९९५ मध्ये, लाइन ६ चा पॉड १९९८ मध्ये. त्या काळच्या यंत्रांबद्दलच्या तक्रारी रास्त होत्या, आणि आजही ऐकू येणारी निम्मी मतं तेव्हाचीच आहेत. त्यानंतर फ्रॅक्टल, केंपर, हेलिक्स, क्वाड कॉर्टेक्स अशा पिढ्या झाल्या आणि न्यूरल नेटवर्कवर चालणारी कॅप्चर (खऱ्या ॲम्पचा आवाज टिपून केलेली नक्कल) आली. तुमचं यंत्र अलीकडचं असेल तर पुढच्या चार गोष्टी तपासा.

एक, अलायसिंग. डिस्टॉर्शन म्हणजे नवे वरचे स्वर तयार होणं. डिजिटल यंत्राला ठराविक मर्यादेच्या वर, ४८ किलोहर्ट्झला म्हणजे २४ किलोहर्ट्झच्या वर, जागा नसते. तिथे जाणारे स्वर उलटे वळून खाली ऐकू येतात आणि ते मूळ स्वराशी सुसंगत नसतात. ओळखायची युक्ती: गेन (डिस्टॉर्शन वाढवणारा नॉब) भरपूर लावा, पहिल्या तारेवर अगदी वरच्या फ्रेटवर तार ओढा. स्वर वर जाताना मागे एखादा बारीक स्वर खाली उतरताना ऐकू आला तर ते अलायसिंग. चांगली यंत्रं आतल्या आत कित्येक पट वेगाने हिशेब करून हे दाबतात. साध्या क्रंचवर (थोड्याच फाटलेल्या आवाजावर) ते सहसा कानावरच येत नाही.

दोन, बोटांना मिळणारा प्रतिसाद. ट्यूब ॲम्पमध्ये जोराचा कॉर्ड मारला की पॉवर सप्लायचा विद्युतदाब क्षणभर पडतो आणि मग सावरतो. याला सॅग म्हणतात. रेक्टिफायर (एसी वीज डीसी करणारा भाग) ट्यूबचा असेल तर ते जास्त, डायोड असतील तर कमी. शिवाय जोराच्या फटक्याने ट्यूबचा बायस (तिचं काम कुठल्या पातळीवर चालतं ते ठरवणारा विद्युतदाब) सरकतो आणि पुढच्या स्वरावर त्याची सावली राहते. म्हणजे आत्ताचा स्वर कसा वाजेल हे आधी काय वाजवलं त्यावर थोडं ठरतं. घटकांपासून बांधलेली चांगली मॉडेल हे धरतात. कॅप्चर मात्र एका ठराविक नॉब-सेटिंगचं छायाचित्र असतं. त्या सेटिंगला ते थक्क करणारं जुळतं, पण गेनचा नॉब फिरवला की खऱ्या ॲम्पमध्ये जे बदलतं ते होईलच असं नाही, आणि सॅगसारखा हळू उलगडणारा परिणाम त्यात फिका पडू शकतो. ज्यांचं सगळं वाजवणं एका सेटिंगवर आणि गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर चालतं, त्यांना कॅप्चर पुरतं. सतत ॲम्पचे नॉब फिरवणाऱ्यांनी मॉडेल घ्यावं.

तीन, इनपुट. ट्यूब ॲम्पचा इनपुट साधारण १ मेगाओहमचा असतो. मॉडेलरमध्ये इनपुटचा अवरोध (इम्पीडन्स) किंवा पॅड (संकेत कमी करणारी सोय) बदलता येत असेल आणि तो चुकीच्या जागी असेल, तर पिकअपचे वरचे स्वर तिथेच मरतात, किंवा मॉडेलला अपेक्षेपेक्षा कमी संकेत मिळून पिकच्या फटक्यातली धार जाते. जुन्या धाटणीचा फझ पेडल वापरत असाल तर तो थेट पिकअपला जोडलेलाच हवा. मॉडेलरच्या आतला फझ आणि गिटारचा नॉब यांचं नातं खऱ्यासारखं जमणं अवघड.

चार, विलंब. इथे लोक विनाकारण घाबरतात. आवाज हवेत सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद. ॲम्पपासून तीन मीटरवर उभे असाल तर ९ मिलिसेकंद तुम्ही आजवर बिनतक्रार सोसत आला आहात. एकटा मॉडेलर त्याहून खूपच कमी घेतो. त्रास होतो तो साखळीचा: वायरलेस, मग मॉडेलर, त्यात बाहेरच्या पेडलसाठी लूप (प्रत्येक लूपमध्ये डिजिटलचं ॲनालॉग आणि पुन्हा डिजिटल होतं), मग डिजिटल मिक्सर, मग वायरलेस इन-इयर. बोटं आणि कान वेगळे पडल्यासारखं वाटलं तर एकेक कडी काढून बघा.

या चारही गोष्टी ठीक केल्यावर जो फरक उरतो तो मला बँडमध्ये ऐकू येत नाही. एकट्याने वाजवताना बोटांना कधीकधी जाणवतो. तोवर हेही लक्षात ठेवा की ‘खरा ट्यूब ॲम्प’ अशी एकच वस्तू नसते. दुरुस्तीच्या टेबलावर एकाच मॉडेलचे दोन जुने ॲम्प शेजारी ठेवले तर ते वेगळे वाजतात. नॉबमागच्या पोटेन्शियोमीटरच्या ओहममध्ये २० टक्क्यांपर्यंत फरक असतो, जुने रेझिस्टर सरकलेले असतात, कॅपॅसिटर सुकलेले असतात. मॉडेल खऱ्यासारखं नाही म्हणताना कोणत्या खऱ्यासारखं, हेही विचारायला हवं.

आता विकायचं की नाही.

घरी वाजवण्यासाठी म्हणून छोटा ट्यूब ॲम्प घेणार असाल तर माझं उत्तर ‘नको’ असं आहे. वरचंच गणित पाहा: एक वॅटचा ॲम्पसुद्धा पूर्ण जोरात मीटरभरावर ९७-९८ डेसिबल देतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेची कान जपण्यासाठीची शिफारस ८५ डेसिबलला जास्तीत जास्त आठ तास अशी आहे, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९७ ला अर्धा तास. शेजाऱ्यांची मर्यादा त्याच्या बरीच आधी संपते. घरात चालण्यासारखा ७० डेसिबलचा आवाज हवा तर त्याच स्पीकरला साधारण दीड-दोन मिलिवॅट पुरतात. तेवढ्यावर पॉवर ट्यूब झोपलेल्या असतात, सॅग नसतं, स्पीकरचा शंकू हलल्यासारखा दिसतही नाही. वाजतो तो फक्त प्रीॲम्प, हळू आवाजात. मित्राच्या ॲम्पवर जे आवडलं त्यातलं फारच थोडं घरी येईल. अटेन्युएटर (ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून ताकद कमी करणारं यंत्र) लावून पॉवर ट्यूब जाग्या करता येतात, हे खरं. पण स्पीकर, खोली आणि तुमचे कान तरीही हळू आवाजातच राहतात.

उलट, आठवड्यातून एकदा तरी मोकळेपणाने जोरात वाजवायला जागा असेल, आणि तुम्हाला एकाच धाटणीचा आवाज हवा असेल, तर ट्यूब ॲम्प जरूर घ्या. मी तर म्हणेन की ज्याला कोणता आवाज हवा ते नेमकं माहीत आहे, त्याने मॉडेलरच्या यादीत हरवण्यापेक्षा चार नॉबचा ॲम्प घ्यावा. मॉडेलरचा मोठा दोष मला टोनमध्ये दिसत नाही. संध्याकाळ आवाज शोधण्यात जाते आणि वाजवणं राहून जातं, तो दोष मोठा.

फक्त देखभालीची कल्पना असू द्या. नियमित कार्यक्रम असतील तर पॉवर ट्यूब वर्ष-दोन वर्षांत थकतात. प्रीॲम्पच्या १२एएक्स७ ट्यूब त्याहून बऱ्याच जास्त टिकतात. फिक्स्ड बायसचा ॲम्प असेल तर नव्या पॉवर ट्यूब लावल्यावर बायस तपासावा लागतो, कॅथोड बायसला सहसा नाही. आत ३०० ते ५०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटर ते धरून ठेवतात, म्हणून झाकण स्वतः उघडू नका. या बदल्यात १९६० च्या दशकातला ॲम्पही आज दुरुस्त होतो. मॉडेलरचा मुख्य बोर्ड गेला तर बोर्ड बदलण्यापलीकडे माझ्या हातात काही नसतं.

विकायच्या आधी आहे त्या मॉडेलरमध्ये थोडे बदल करून पाहा. पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे मास्टर, म्हणजे पॉवर ॲम्पला किती संकेत जायचा ते ठरवणारा नॉब. १०० वॅटच्या मार्शल सुपर लीडला किंवा व्हॉक्स एसी३० ला मुळात आजच्या अर्थाने मास्टर व्हॉल्यूम नव्हता. आवाज वाढवला की पॉवर ट्यूबही फाटायच्या. अशा ॲम्पच्या मॉडेलमध्ये मास्टर दिलेला असतो, आणि नवशिके तो खाली ठेवून गेन ९ वर नेतात. उलटं करा. गेन निम्म्यावर आणा, मास्टर वर न्या, आणि ऐकायचा जोर ‘चॅनल व्हॉल्यूम’ किंवा आउटपुटने जुळवा, कारण त्याने टोन बदलत नाही. पॉवर ॲम्पचं मॉडेल तेव्हा कुठे कामाला लागतं आणि पिक दाबल्याचा, सोडल्याचा फरक परत येतो.

दुसरं, कॅबवर ८० ते १०० हर्ट्झच्या खाली आणि ६ ते ८ किलोहर्ट्झच्या वर काट मारा. आयआर निवडताना मायक्रोफोन मध्यापासून थोडा बाजूला असलेला घ्या. हेडफोनवर ऐकत असाल तर अगदी थोडा, छोट्या खोलीचा रिव्हर्ब ठेवा. आयआरमध्ये नसलेली खोली तेवढीच परत येते. नॉइज गेट सैल करा, कारण लांबणाऱ्या स्वराची शेपटी बरेचदा तोच कापत असतो. आणि तयार पॅच (साठवून दिलेली सेटिंग) ऐकून यंत्राबद्दल मत बनवू नका. ते दुकानात कान वेधण्यासाठी बनवलेले असतात: गेन जास्त, खर्ज जास्त, डिले ओसंडून.

तिसरं, पैसे घालायचेच असतील तर ते स्पीकरमध्ये घाला. दोन मार्ग आहेत. सपाट प्रतिसादाचा पॉवर्ड स्पीकर (सगळे स्वर सारखे वाजवणारा, आतच ॲम्प असलेला) घेतला तर मॉडेलरमधली कॅब चालू ठेवायची. कोणतीही कॅब ‘बदलता’ येते, पण ऐकू येतो तो मायक्रोफोनमधला आवाजच, फक्त हवेतून. पॉवर ॲम्प आणि खरी गिटार कॅब घेतली तर मॉडेलरमधली कॅब बंद करायची. आवाज एकाच कॅबचा राहतो, पण ती सरावाच्या खोलीतली अनुभूती परत येते. तुमच्या प्रश्नावरून मला दुसरा मार्ग योग्य वाटतो. कॅब दोन्हीकडे चालू राहिली की आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. अशी तक्रार आली की मी आधी तेच बघतो.

कार्यक्रमाचं थोडक्यात. टेबलामागून मला मॉडेलर आवडतो, कारण लहान जागेत गिटारवाल्याचा ॲम्प समोरच्या चार लोकांच्या कानात शिरतो आणि बाकीच्यांना पोचत नाही, आणि त्यावर मिक्सरमधून मला काहीही करता येत नाही. मॉडेलरचा आवाज मात्र रोज तोच येतो. पण वाजवणाऱ्याला रंगमंचावर पोकळ वाटतं, हीही खरी अडचण आहे. त्यावर उपाय म्हणजे दोन आउटपुट: एक कॅबसह थेट मिक्सरला, दुसरा कॅबशिवाय पॉवर ॲम्पमधून तुमच्या मागच्या छोट्या कॅबला. बहुतेक मोठ्या मॉडेलरमध्ये ही सोय आहे. पॅच मात्र कार्यक्रमाच्या जोरात बसवा. हेडफोनवर हळू आवाजात गोड वाटलेला पॅच रंगमंचावर खर्जाने घुमतो, वरून टोचतो आणि मधले स्वर हरवून बसतो. मधले स्वर घरी नकोसे वाटतील इतके ठेवा. आणि आवाज बसवताना ड्रम व बास सोबत वाजत असू देत. एकट्याने वाजवून बसवलेला टोन बँडमध्ये सहसा टिकत नाही.

राहिला वॅटचा प्रश्न. वॅट सगळीकडे सारखाच असतो, पण ऐकीव गोष्टीत तथ्य आहे. ट्यूब ॲम्पवर लिहिलेला आकडा साधारण स्वच्छ आवाजाचा असतो. फाटू लागल्यावर तो त्याहून जास्त देतो, आणि ते फाटणं कानाला गोड लागतं, म्हणून आपण ते वापरतो. साधा ट्रान्झिस्टरचा किंवा क्लास डी (ट्रान्झिस्टरचाच, वीज कमी वाया घालवणारा प्रकार) ॲम्प मर्यादेला पोचला की कडकडतो, म्हणून तिथवर जायचंच नसतं. दुसरं कारण स्पीकरचा अवरोध. ८ ओहम लिहिलेला स्पीकर खर्जातल्या त्याच्या अनुनादाला आणि वरच्या स्वरांना त्याच्या कित्येक पट अवरोध दाखवतो. ट्यूब ॲम्प तिथे विद्युतदाब वाढवतो आणि खर्ज व धार फुगते, तर क्लास डी तो दाब कायम ठेवतो, त्यामुळे तिथे वॅट कमी पडतात. फेंडरने २०१९ मध्ये डीलक्स रिव्हर्बची डिजिटल आवृत्ती टोन मास्टर या नावाने काढली, तेव्हा २२ वॅटच्या ट्यूब ॲम्पची बरोबरी करायला त्यात १०० वॅटचा पॉवर ॲम्प बसवला. मॉडेलरमागे पॉवर ॲम्प घेताना तोच अंदाज धरा. पाटीवरचा आकडा बरेचदा ४ ओहमचा असतो, म्हणजे ८ ओहमच्या कॅबला त्याच्या निम्मे वॅट मिळतात आणि १६ ओहमच्या कॅबला त्याचा पाव हिस्सा. कॅबमध्ये एकच २५ वॅटचा ग्रीनबॅक स्पीकर असेल तर एवढ्या मोठ्या पॉवर ॲम्पचा नॉब जपून वर न्या. नाहीतर आधी स्पीकर जळेल.